हापशाचं पाणी

जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांच्या मागच्या बोळात, इचरजबाईंच्या पाच खोल्या आहेत. एकीला एक चिकटून, एका ओळीत. समोर शहाबादी फरशीचं अरुंद अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात पाची खोल्यांना मिळून एकच नळ. बोळाकडून पहिली खोली भागवतची. वय चोवीस, अंगापिंडानं धडधाकट, आणि कामधंदा काही नाही.

काही नाही म्हणजे कधीच नव्हता असं नाही. भोकरदनकडच्या एका गावातून तो आयटीआय करायला जालन्याला आला. फिटरचा ट्रेड घेतला, एक विषय राहिला तो राहिलाच. मग रोलिंग मिलमध्ये लागला. तिथं भट्टीतून लालभडक सळई सळसळत यायची आणि ती चिमट्यात धरून पुढं सारायची. नवव्या दिवशी एक सळई पायाला चाटून गेली, बुटाच्या रबराचा जळका वास आला आणि भागवतनं चिमटा खाली ठेवला तो कायमचा. साड्यांच्या दुकानात तीन आठवडे टिकला. गिऱ्हाईक पन्नास साड्या उलगडायला लावून उठून जायचं आणि घड्या ह्यानं घालायच्या. ‘तोंडावर जरा हसू ठेव रे,’ असं मालक रोज म्हणायचा. एकविसाव्या दिवशी भागवत म्हणाला, ‘हसू आलं की येतो,’ आणि दुकानाच्या पायऱ्या उतरला. शेवटी बियाण्याच्या कंपनीत पिशव्या शिवायला होता. सकाळचा साडेसहाचा टेम्पो एकदा झोपेत चुकला, दुसऱ्यांदा जागा असून चुकवला, तिसऱ्यांदा टेम्पोवाल्यानंच हॉर्न वाजवला नाही.

सोडायला प्रत्येक वेळी कारण होतं, आणि ते खरंही होतं. त्यामुळं आपल्यात काही खोट आहे असं त्याला कधी पुरतं पटायचं नाही, आणि नाही असंही छातीठोक म्हणता यायचं नाही.

खोलीचं भाडं वडील पाठवायचे. काकासाहेब फार बोलणारा माणूस नव्हता. आठ-पंधरा दिवसांतून फोन करायचे.

“धकून राह्यलं का?”

“धकून राह्यलं.”

“बरं मंग.”

एवढंच. भागवतला वाटायचं, एकदा तरी म्हाताऱ्यानं शिव्या घालाव्यात. तो घालायचा नाही.

नळाला पाणी यायचं सातव्या-आठव्या दिवशी. दिवस पक्का नाही, वेळ तर नाहीच. कधी पहाटे पाचला, कधी भर दुपारी. तास-दीड तास चालायचं, मग नळ खाकरल्यासारखा आवाज करून गप्प व्हायचा. ओळीत राहणारे बाकी सगळे कामावर जाणारे. मालनबाई पन्नाशीची एकटी बाई, एका मेसमध्ये स्वयंपाक करायची. सकाळी सहाला जायची ती चारला परत. रामकिसन आणि त्याची बायको द्वारका दोघं बियाण्याच्या कारखान्यात. तृप्ती खासगी दवाखान्यात नर्स, ड्युटीचा काही नेम नाही. आणि शेवटच्या खोलीत धम्मपाल. तो भागवतच्याच वयाचा. भागवतनं जो चिमटा नऊ दिवसांत खाली ठेवला, तसलाच धम्मपाल चार वर्षं धरून होता.

गेल्या हिवाळ्यात एकदा मालनबाईनं कामावर निघताना भागवतच्या दाराला थाप मारली आणि चावी पुढं केली.

“तुला कुठं जायाचं न्हाई, यायाचं न्हाई. पानी आलं तर माझं टिपाड भरून ठेव बाबा. संध्याकाळचा डबा देते.”

भागवतनं चावी घेतली. त्या दिवशी पाणी आलं, त्यानं तिचं पत्र्याचं पिंप, म्हणजे टिपाड, भरलं, संध्याकाळी मेथीची भाजी आणि गरम भाकरी आली. पुढच्या पाण्याला रामकिसननं चावी दिली, मग तृप्तीनं, मग धम्मपालनं. महिनाभरात चार खोल्यांच्या चाव्या भागवतकडं आणि दोन्ही वेळचं जेवण शेजाऱ्यांकडून, असं होऊन बसलं. काम तो बिलकुल चोख करायचा. पाइप लावायचा, टिपाडं आतून घासायचा, पिण्याचं पाणी गाळून माठात ओतायचा. कुणी कधी बोट ठेवावं असं काही नाही.

पण आठवड्यातला दीड तास पाणी भरण्यासाठी तो सगळा आठवडा बांधला गेला. चौकात चहाला गेला तरी कान बोळाकडं. कुणी मित्र म्हणाला, चल मोतीबागेकडं जाऊन येऊ, तर ह्याचं ठरलेलं उत्तर, ‘नळ यायचाय.’ मग मित्रांनी विचारणं सोडलं. दुपारभर तो खाटेवर पडून मोबाइल बघायचा. दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांच्या गाड्या, पोलीस भरतीत निवडलेल्यांच्या गुलाल लावलेल्या मिरवणुका. बॅटरी संपली की छताकडं बघायचा.

एकदा तृप्ती अंगणात कपडे वाळत घालता घालता म्हणाली, “भागवतदादा, तुम्ही नोकरीला लागू नका बरं का. आमचं कसं व्हायचं?”

सगळे हसले. भागवतही हसला. मग खोलीत जाऊन त्यानं रिकाम्या बादलीला अशी लाथ घातली की ती भिंतीवर आपटून चिरली. ह्या लोकांना आपण रिकामेच पाहिजे आहोत, हे त्या दिवशी त्याच्या डोक्यात शिरलं आणि मग निघेना. राग त्यांच्यावर काढावा तर त्यांच्याच घरची भाकरी पोटात.

चैत्र संपत आला होता तेव्हाची गोष्ट. रविवारी संध्याकाळी धम्मपाल त्याच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

“आमच्या मिलमध्ये वजनकाट्यावरचा माणूस सोडून चाललाय,” तो म्हणाला. “काचेची केबिन हाय, पंखा हाय. भंगाराची गाडी आली की काट्यावर घ्यायची, कॉम्प्युटरवर वजन बघायचं, पावती काढायची. बसून काम. मी बन्सीलालजींना तुझं नाव सांगितलं.”

बन्सीलालजी म्हणजे मिलचे मॅनेजर. भागवतनं मोबाइल खाली ठेवला.

“ते काय म्हणाले?”

“म्हणाले, मंगळवारी अकराला पाठव. कागदं घेऊन ये. बारानंतर ते कुणाला सापडत न्हाईत, तेवढं ध्यानात ठेव. आन् भागवत...” धम्मपाल उठता उठता वळला. “मी जबान दिलीय. पोरगा चांगला हाय म्हणालो.”

“येतो ना. न यायला काय झालं!”

मंगळवार हा पाणी न आल्याचा नववा दिवस होता. टिपाडांचे तळ दिसत होते. सोमवारी संध्याकाळी सगळे अंगणात जमले आणि वर्गणी काढून मंगळवारी संध्याकाळी सहाला टँकर बोलवायचं ठरवलं. टँकरवाल्याला रामकिसननं फोन केला. मालनबाई भागवतला म्हणाली, “तू उद्या बिनघोर जा. नळ आला तर आला, गेला तर गेला. टँकर हायेच.”

म्हणजे अडायला काहीच उरलं नव्हतं.

मंगळवारी भागवत सातला उठला. राखून ठेवलेल्या पाण्यात दाढी केली, तोंड धुतलं. आदल्या दिवशीच इस्त्री करून आणलेला निळा शर्ट घातला. कागदं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली. दाराला कुलूप लावलं आणि बूट घालायला उंबऱ्यावर बसला. साडेनऊ झाले होते. एमआयडीसीचे टेम्पो चौकातून सारखे सुटतात. अर्ध्या तासात माणूस मिलच्या फाटकावर. फार लवकर जाऊन उगाच फाटकापाशी उभं राहायचं कशाला, असं त्याला वाटलं.

मग त्याच्या मनात बन्सीलालजींच्या केबिनीतली खुर्ची आली. ‘ह्याआधी कुठं होता?’ ते विचारणार. ‘का सोडलं?’ मिल का सोडली, दुकान का सोडलं, कंपनी का सोडली. तीन वेळा तेच. मग मार्कशीट मागणार आणि त्या एका विषयावर बोट ठेवणार. हे सगळं बाजूला धम्मपाल उभा असताना. भागवतनं पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. दहा वाजले. सव्वादहा. बूट घालून झाले होते, नाड्या बांधून झाल्या होत्या, आणि तो उठत नव्हता. कुणी धरून ठेवलं नव्हतं. पाय दुखत नव्हते. नुसतं उभं राहायचं होतं.

पावणेअकराला त्यानं उठून नळ सोडून बघितला. नळातून फुस्स करून हवा आली. त्यानं बंद केला आणि परत येऊन बसला. अकरा वाजले तेव्हा त्याला खरं सांगायचं तर जरा हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याची लगेच शिसारीही आली.

अकरा वीसला फोन वाजला.

“कुठं हायेस?” धम्मपालच्या मागं मिलचा खडखडाट ऐकू येत होता. “बन्सीलालजी दोनदा विचारून गेले.”

“अरे, पाणी आलं ना,” भागवत म्हणाला.

तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर त्यालाच कळलं की आपण काय बोललो.

पलीकडं धम्मपालचा सूर बदलला. “आलं? खरंच? आरं, नऊ दिवसांनी! मंग राहू दे, राहू दे. ते टाकून कसा येशील. माझंबी टिपाड भर. आज घरी येऊन डोक्यावरून आंघोळ करतो बघ. बन्सीलालजींना मी कसंबी करून सांगतो.” आणि फोन ठेवता ठेवता, “रामकिसनला सांगतो टँकर रद्द कर म्हणून. फुकटचा खर्चा कशाला!”

“थांब, धम्मा, ऐक...”

फोन कटला होता. भागवतनं परत लावला, लागला नाही. मिलमध्ये आत गेलं की रेंज जायची. रामकिसनला लावला, तो व्यस्त. दहा मिनिटांनी रामकिसनचाच आला. “लई चांगलं झालं भाऊ. टँकरवाला शिव्या घालत होता, पन केला रद्द. आमची दोन्ही टिपाडं भर हां.”

तेव्हा सांगता आलं असतं. ‘नाही आलं, माझी चूक झाली,’ एवढे पाच शब्द. भागवत म्हणाला, “भरतो.”

चौकाच्या पलीकडं एक जुना हापसा होता. त्याचं पाणी मचूळ, कुणी प्यायला नेत नसे. रिक्षावाले रिक्षा धुवायचे, बायका गोधड्या धुवायच्या. नळ नाही, टँकर नाही, मग पाणी असलेली दुसरी जागा कुठली? भागवतनं बूट काढले, निळा शर्ट खिळ्याला अडकवला, दोन वीस-वीस लिटरचे कॅन घेतले आणि निघाला.

पहिल्या खेपेला त्याला वाटलं, जमून जाईल. हापसा कडक होता. एक कॅन भरायला चाळीस-पन्नास हिसके. दोन्ही कॅन हाताला लावून तो चौक ओलांडून आला आणि मालनबाईच्या टिपाडात ओतले. तळ जेमतेम ओला झाला. टिपाडं होती पाच. भागवतनं मनातल्या मनात हिशेब केला आणि मग मुद्दाम सोडून दिला.

एप्रिलचं ऊन माथ्यावर आलं. फरशी तापली, चपलेचा पट्टा ओल्या पायाला घासून कातडं गेलं. सातव्या-आठव्या खेपेनंतर बोटं मिटेनात. कॅनची कडी जिथं रुतायची तिथं आधी लाल वळ, मग फोड, मग फोड फुटून आग. रिक्षावाले बघत होते. एक जण म्हणाला, “क्या भागवतभाऊ, शादी है क्या?” भागवत दातओठ खात हापसत राहिला. दीड वाजता चक्कर आली म्हणून पिंपळाच्या पारावर पाच मिनिटं टेकला, आणि तिथं टेकल्यावर त्याला रडू येतंय की काय असं वाटलं. ते रडू दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. काचेच्या केबिनीत पंख्याखाली बसायचं सोडून आपण इथं बैलासारखे राबतोय, आणि का राबतोय तर त्या केबिनीत बसायला गेलो नाही म्हणून. ह्या गोष्टीला काही डोकं आहे का? त्यानं स्वतःलाच एक कचकचीत शिवी हासडली आणि उठला.

वरच्या गॅलरीतून इचरजबाईंनी बघितलं. त्या कमी बोलणाऱ्या, कमरेला पदर खोचून दिवसभर लोणची-पापडात गढलेल्या. त्यांनी विचारलं, “काय रे भागवत, हे काय करून राह्यला?”

“पाणी भरतोय काकीजी.”

“वो तो दिखता है. पण हापशाचं?”

भागवत आत निघून गेला.

चार वाजायच्या आत पाची टिपाडं गळ्यापर्यंत भरली. अंगणात सांडलेलं सुद्धा त्यानं पुसून घेतलं. खोलीत जाऊन खाटेवर पडला तेव्हा हात छातीवर ठेवायचीही सोय नव्हती, इतकी आग होत होती. आयुष्यात एवढं काम त्यानं एका दिवसात कधी केलं नव्हतं.

मालनबाई आली, टिपाडात डोकावली आणि दारातूनच ओरडली, “काठोकाठ! देव तुझं भलं करो.” आज तुझ्यासाठी वरण-भात करते, म्हणाली. द्वारका आली, तृप्ती आली. साडेसहाला धम्मपाल आला, लोखंडाच्या काळ्या भुकटीनं माखलेला, आणि आल्या आल्या टॉवेल घेऊन मोरीत शिरला. जाता जाता भागवतच्या दारात डोकावून म्हणाला, “बन्सीलालजी तापलेत जरा. पन बघू आपण.”

भागवत भिंतीकडं तोंड करून पडला होता.

कुकरची शिट्टी झाली. एक, दोन, तीन. जरा वेळानं पुन्हा. सहा झाल्या, आठ झाल्या. मालनबाई आत काहीतरी पुटपुटत होती. मग ती अंगणात आली, हातात पळी. “ही डाळ बघा गं,” ती द्वारकाला म्हणाली. “तीस वर्षं झाली मी डाळ शिजवून राह्यले. आठ शिट्ट्यांत दाना फुटला न्हाई. गोळ्या हायेत नुसत्या.”

तेवढ्यात मोरीतून धम्मपालचा आवाज आला. “मावशी, साबणाला फेस येईना! केस तर गोंद लावल्यासारखे झाले!”

मालनबाई टिपाडापाशी गेली. ओंजळभर पाणी घेतलं, तोंडात घोळवलं आणि थुंकलं.

“हे नळाचं न्हाई,” ती म्हणाली. “हे जड पानी हाय. हापशाचं हाय हे.”

सगळ्यांनी भागवतच्या दाराकडं बघितलं. तो उठून उंबऱ्यात आला. धम्मपाल कमरेला टॉवेल, डोक्यावर चिकट पांढरा थर, तसाच बाहेर आला होता.

“नळ आल्ता का न्हाई?” धम्मपालनं विचारलं.

भागवतनं हात पाठीमागं घेतले.

“आज नळ आल्ता का, एवढंच सांग.”

“न्हाई.”

रामकिसन उसळला, “म्हंजे मला टँकर रद्द करायला लावला! आता दोन दिवस मिळत न्हाई टँकर, ठाव हाय का तुला?” द्वारकानं त्याचा हात धरला. तृप्ती मान फिरवून आत गेली.

धम्मपाल जवळ आला. त्यानं भागवतचा उजवा हात मनगटाला धरून उलटा केला. तळवा बघितला. मग डावा.

“सगळं हापशावरून भरलंस? पाची टिपाडं?”

“हो.”

“किती खेपा?”

“मोजल्या न्हाईत.”

“दिवसभर?”

“बारापासून.”

धम्मपालनं हात सोडला. आवाज चढवला नाही. “मंग तिकडं यायला काय झाल्तं रे? एक टेम्पो तर पकडायचा व्हता.”

भागवत उंबऱ्यावर, सकाळी जिथं बसला होता तिथंच, बसला. धम्मपाल खरंच ऐकायला थांबला, आणि मग त्याच जड पाण्यानं डोकं धुवायला मोरीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालनबाई आली. “चावी दे बाबा माझी,” म्हणाली. रागानं नाही, आणि तेच लागलं. पाठोपाठ बाकीच्यांनीही नेल्या. धम्मपाल मागायला आला नाही, तर भागवतच जाऊन त्याच्या दाराच्या फटीतून आत सरकवून आला.

दोन दिवस डबा नाही. घरून आलेलं ज्वारीचं पीठ होतं. फुटलेल्या हातांनी भाकरी थापता येईना, तेव्हा त्यानं पिठाची जाडसर पेज करून मीठ घालून प्यायली. कुणी बोलत नव्हतं असं नाही. ‘उठला का’, ‘ऊन फार हाय’ एवढं बोलायचे. पण बोलताना उभे राहायचे नाहीत.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला नळाला पाणी आलं. बारा दिवसांनी, आणि कधी नव्हे ते धो धो. ओळीत सगळ्या दारांना कुलपं. भागवत धावत बाहेर आला, सवयीनं पाइप उचलला, आणि मग पाइप हातात धरून उभा राहिला. कुठं लावायचा? त्यानं मालनबाईला फोन केला. तिनं उचलला नाही. रामकिसनला केला, त्यानंही उचलला नाही. वरून इचरजबाई ओरडल्या, “अरे, सबका भर दे ना! आलंय तोवर!”

“चाव्या न्हाईत माझ्याकडं,” भागवत ओरडला.

त्यानं स्वतःचं सगळं भरलं. बादली, घागर, दोन्ही कॅन, पातेली, तांबे, पेले. पंधरा मिनिटांत संपलं. मग पाणी फरशीवरून, बोळातून, गटारीत जात राहिलं. ते बघवेना. नळ बंद केला तरी काय उपयोग, टिपाडं रिकामीच राहणार. आणि संध्याकाळी आल्यावर सगळे त्यालाच बघणार, ह्या खेपेला काही केलं नसतानाही. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. राग कुणावर, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. त्यानं नळ कचकन पिळून बंद केला, खिळ्यावरचा निळा शर्ट अंगात घातला, पिशवी उचलली आणि चौकात येऊन जो पहिला टेम्पो दिसला त्यात चढला. विचार करायला बसला असता तर पुन्हा उंबऱ्यावरच राहिला असता, हे त्याला आता माहीत झालं होतं.

बन्सीलालजी फाटकाजवळच भेटले. गोरे, ठेंगणे, डोळ्यांवर सोनेरी काडीचा चष्मा. भागवतनं नाव सांगितलं.

“अच्छा, धम्मपालवाला,” ते म्हणाले. “मंगळवारी अकराची वेळ होती. आज कोणता वार आहे?”

“शुक्रवार.”

“तर मग?”

“मंगळवारी मी आलो न्हाई,” भागवत म्हणाला.

बन्सीलालजींनी चष्म्यावरून बघितलं. त्यांनी मार्कशीट मागितली नाही, आधी कुठं होता हेही विचारलं नाही. “काट्यावर बुधवारीच माणूस लागला. केबिन भरली. बाहेर एक जण पाहिजे. गाडी काट्यावर बराबर मधोमध लावून घ्यायची, ड्रायव्हर-क्लीनर खाली उतरवायचे, काट्यावर कुणी उभं नाही ना बघायचं. उन्हात काम आहे. बारा तास. जमेल?”

केबिनीत एक चष्मेवाला मुलगा पंख्याखाली बसून केळं खात होता. भागवतनं त्याच्याकडं बघितलं.

“जमेल,” तो म्हणाला.

दुपारी दोनला जेवणाची सुट्टी झाली तेव्हा धम्मपाल भट्टीकडून पाणी प्यायला आला. भागवतला बघून थबकला. भागवत ट्रकला हातानं मागं-मागं करत होता, चेहरा तांबडालाल. धम्मपाल तसाच पुढं गेला. परत जाताना मात्र त्यानं गळ्यातला पंचा काढून भागवतच्या खांद्यावर टाकला.

“डोक्याला बांध. लोखंडावरून झळ येती, ती सांगून लागत न्हाई.”

ह्याला आता तीन महिने होतील. ओळीतले लोक म्हणतात भागवत सुधारला. मालनबाईनं तर गावाकडं काकासाहेबांना फोन लावून सांगितलं, पोरगं काट्यावर लागलं म्हणून. काकासाहेबांनी त्या दिवशी नेहमीच्या दोन वाक्यांऐवजी तिसरं विचारलं, “बसून काम हाय म्हणे?” भागवत म्हणाला, “हाय तसंच कायतरी.”

सुधारला वगैरे काही नाही. त्याला ते काम आवडत नाही. रोज सकाळी टेम्पोत चढताना तो ठरवतो की एक तारखेला सोडायचं. ड्रायव्हर शिव्या देतात, तो परत देतो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा पाय सुजलेले असतात आणि डोळ्यांत लोखंडाची कचकच.

मागच्या पंधरवड्यात केबिनीतला चष्मेवाला मुलगा परीक्षेसाठी सोडून गेला. भागवत दोन दिवस जरा नीट दाढी करून गेला. काट्याचा कॉम्प्युटर कसा चालवतात ते त्यानं काचेतून बघून बघून पाठ केलं होतं. तिसऱ्या दिवशी बन्सीलालजी भाच्याला घेऊन आले. श्रेणिक त्याचं नाव, नुकताच बी.कॉम. झालेला, अंगाला अत्तराचा वास. “हा बसेल आता इथं,” बन्सीलालजी म्हणाले. “भागवत, ह्याला जरा गाड्यांचं सांग.”

भागवतनं सांगितलं. मग तो फाटकाकडं चालू लागला. डोक्याचा पंचा सोडून हातात घेतला, डब्याची पिशवी घेतली. बास झालं, असं त्यानं मोठ्यानं म्हटलं. फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, “कुठं?” भागवतनं फाटक ढकललं. बाहेर रस्ता ओसाड पडला होता. दुपारचे तीन वाजले होते. पाळी सुटल्याशिवाय शहराकडं टेम्पो निघत नाही, आणि पाळी सुटणार सहाला. सावलीला एक झाड नव्हतं. मागून काट्यावर कुणीतरी जोरजोरानं हॉर्न वाजवत होतं. त्यानं वळून बघितलं. भंगारानं भरलेला एक दहाचाकी ट्रक काट्यावर तिरपा चढला होता, मागचं चाक कडेवर लोंबकळत होतं, आणि श्रेणिक केबिनीच्या दारात उभा राहून दोन्ही हात हवेत हलवत होता.

भागवतनं हातातला पंचा पुन्हा डोक्याला बांधला. मग “आरं, डावीकडं काट, डावीकडं! आंधळा हाय का?” असं ओरडत, ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढत, माघारी निघाला.